तो दगड कुठे गेला?

लोणारच्या काठावर पहिल्यांदा आलेल्या मुलाला आपण सांगतो, 'इथे आभाळातून मोठी उल्का पडली आणि हा खड्डा झाला.' मूल खाली बघतं. जवळजवळ १.८ किलोमीटर रुंदीचं गोल विवर, उतारावर दाट झाडी, खाली हिरवट पाणी. मग ते विचारतं, 'मग तो दगड कुठे गेला?' बहुतेक वेळा मोठी माणसं यावर 'चला, ऊन वाढतंय' म्हणतात. मला मात्र लोणारबद्दलचा हा सगळ्यात मोलाचा प्रश्न वाटतो. भूशास्त्रज्ञांनाही बराच काळ तोच छळत होता.

१८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या जागेची नोंद केली. पुढे किती तरी वर्षं हे ज्वालामुखीचं मुख असावं असंच बहुतेक अभ्यासक मानत राहिले, आणि त्यांचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. अवघं दख्खनचं पठार लाव्ह्याच्या थरांनी बनलेलं, खड्डा त्याच काळ्या दगडात, म्हणजे बसाल्टमध्ये. शिवाय उल्का पडली म्हणावं, तर तिचा एवढासा तुकडाही कुणाच्या हाती लागत नव्हता. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी तळ्याच्या तळात खोल छिद्रं घेतली, खालचे दगड वर काढले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. त्यांत मॅस्केलिनाइट सापडलं. बसाल्टमधल्या एका खनिजाचे स्फटिक प्रचंड धक्क्यानं, न वितळताच, काचेसारखे होतात, ते हे. एवढा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही. १९७३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं आणि ज्वालामुखीचा पक्ष मागे पडला.

म्हणजे त्या मुलाला द्यायचं उत्तर असं: दगड इतक्या वेगानं आदळला की त्याचा बराचसा भाग वितळला, वाफ होऊन गेला, उरलेला इथल्याच खडकात मिसळला. यावर मूल विचारणार, 'दगडाची वाफ होते?' विचारू द्यावं. माझी तक्रार इथेच आहे. घरात माहितीला तोटा नसतो, आता तर खिशातल्या फोनवर जगभरची माहिती आहे. पण आपण उत्तर देतो ते बोलणं संपवण्यासाठी. दार लावून घ्यावं तसं उत्तर देऊन आपण मोकळे होतो, आणि मूल हळूहळू विचारायचंच थांबतं.

लोणारच्या जुन्या माणसांनी तसं केलं नव्हतं. लवणासुराची कथा घ्या. जमिनीखालच्या विवरात लवणासुर लपला होता, विष्णूनं दैत्यसूदनाच्या रूपात येऊन वरचं झाकण उडवलं आणि त्याचा वध केला. ते झाकण लांबवर टेकडी होऊन पडलं आहे, असंही सांगतात. हिला भाकडकथा म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. कथा रचणाऱ्यानं खड्ड्याचा गोलपणा पाहिला होता, पाण्याची चव घेतली होती. इथली माती जोरानं कुठे तरी फेकली गेली असावी, हेही त्याला जाणवलं होतं. निरीक्षण पक्कं होतं. फरक पुढे पडतो. शास्त्रज्ञांची ज्वालामुखीची समजूत एका काचेच्या कणापुढे बदलली. कथेला तशी बदलायची सोय नसते. हा फरक दहा वर्षांच्या मुलीलाही समजतो, मात्र आधी कथा मनापासून सांगायला हवी.

आम्ही गेलो तेव्हा सासूबाई आणि माझी मुलगी दोघी बरोबर होत्या. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे सावकाश उतरत, सावलीत थांबत गेलो, आणि त्यामुळेच बघायला वेळ मिळाला. वर काठाशी बारमाही गोड्या पाण्याची धार आहे, तिथे लोक आंघोळ करतात. खाली तळ्याकाठी उग्र कुबट वास, चिखलावर सुकलेला पांढुरका थर. पाणी बोटांवर बुळबुळीत लागतं. भाकरीच्या फडक्याला पिठल्याचा पिवळा डाग पडला होता. मुलीनं काठावर बसून त्याचा कोपरा सहज पाण्यात बुडवला, तर पिवळा डाग तांबडा झाला.

'अगं, हे तर साबण लावल्यावानी झालं!' सासूबाई म्हणाल्या. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. पाय मुरगळल्यावर हळद-चुन्याचा लेप लालभडक होतो, तेही त्यांनीच मुलीला सांगितलं. साबण, चुना, तळ्याचं पाणी: तिन्हींत समान काय? सातवी-आठवीच्या पुस्तकात आम्ल आणि आम्लारी या धड्यात हळदीच्या कागदाचा प्रयोग असतो. तो आजीला न शिकता येत होता आणि नातीला अजून शिकायचा होता. मुलीला आता चैन पडेना. परतताना धारेवर थांबून तिनं फडक्याचा दुसरा पिवळा कोपरा तिथल्या पाण्यात बुडवला. तो पिवळाच राहिला. धारेचं पाणी साधं आहे आणि तळ्याचं नाही, हे तिनं स्वतः पडताळून पाहिलं. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

मग साहजिकच, 'वरून गोडं पाणी येतं, तर खाली खारं कसं होतं?' तळ्यात येणाऱ्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही. ते फक्त वाफ होऊन उडतं, आणि खडकातून विरघळून आलेले क्षार मागे उरतात. हजारो वर्षं हेच चाललं आहे. अकबराच्या काळातल्या 'ऐन-ए-अकबरी'त लोणारचा उल्लेख काच आणि साबण करायला लागणाऱ्या जिनसांसाठी आहे, हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या. त्यांना साबण आठवला होता, तो काही उगाच नाही. कमळजा देवीच्या देवळाजवळच्या विहिरीत एका बाजूला गोडं आणि दुसऱ्या बाजूला खारं पाणी लागतं म्हणून लोक तिला सासू-सुनेची विहीर म्हणतात. ते नाव ऐकून आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो.

पुस्तकांचं काम, मला वाटतं, अशा प्रसंगानंतर सुरू होतं. मारुती चितमपल्लींनी वनखात्यात नोकरी करताना विदर्भातल्या आदिवासींकडून, शिकाऱ्यांकडून पक्ष्यांची नावं गोळा केली, तेव्हा कुठे 'पक्षिकोश' झाला. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' महिन्यामहिन्यानं चालतं, ते महिने त्यांनी डोळे उघडे ठेवून घालवले म्हणून. अशी पुस्तकं शोकेसमध्ये ठेवण्यात अर्थ नाही. तळ्याच्या कडेला लाल पायांवर तुरुतुरु चालणारा शेकाट्या पाहून आलेलं मूल ज्या दिवशी पक्ष्यांच्या पुस्तकात ते पाय शोधतं, त्या दिवशी पुस्तक खरं कामाला लागतं. आणि ते सापडावं म्हणून पुस्तक हाताशी, खालच्या फळीवर हवं.

२०२० सालच्या जूनमध्ये, टाळेबंदीत, तळं गुलाबी झालं तेव्हा फोटो घरोघरी पोचले आणि त्यांच्यामागोमाग तर्कही. देवाचा कोप इथपासून रसायनं कुणी ओतली इथपर्यंत. वनखात्यानं पाण्याचे नमुने घेतले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासणी झाली, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव त्या रंगाला कारण निघाले. पाऊस नव्हता, पाणी आटलं होतं, खारेपणा वाढला होता, म्हणून ते फोफावले. पाणी स्थिर ठेवल्यावर ते तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ दिसू लागलं. घरातल्या मुलांना मला यातली ही भांड्यात पाणी ठेवून वाट बघण्याची गोष्टच सांगाविशी वाटते. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला.

एक अडचण उरतेच. हे विवर किती जुनं? एका पद्धतीनं मोजलं तर सुमारे ५२ हजार वर्षं निघतात. दगडातल्या आरगॉन वायूवरून २०१०च्या सुमारास मोजलं तेव्हा सुमारे ५ लाख ७० हजार आली. दोन्हींत दहापटीहून जास्त फरक. मुलीनं विचारलं, 'परीक्षेत काय लिहू?' मी म्हटलं, दोन्ही आकडे लिही, आणि कोणता कशावरून काढला तेही लिही. कुणी गुण कापले तर माझ्याशी बोलायला सांग. सासूबाईंनी विचारलं, 'पण मोजतात तरी कसं, दगडात काय घड्याळ असतं?' आम्ही त्यावर अजून वाचतो आहोत. आरगॉनपर्यंत आलो आहोत.