दिसली की कळली?

न्यायशास्त्रातला ‘तर्कसंग्रह’ शिकवताना डोंगरावरचा धूर काही चुकत नाही. धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी. हल्ली त्याच तासाला मी अभिजित ताऱ्याकडे वळते, कारण तिथे सगळं उलटं आहे. अग्नी २५ प्रकाशवर्षांवरून लखलखीत दिसतो, शंका आहे ती धुराची, म्हणजे ताऱ्याभोवतीच्या धुळीची. आणि अग्नी आहे म्हणून धूर असणारच, असं म्हणायची सोय नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्याला कुठे धूर असतो? जळण ओलं आहे का, ते आधी बघावं लागतं.

कॅलिफोर्नियात माउंट विल्सनवर ‘चारा’ नावाची वेधशाळा आहे, एकेक मीटरच्या सहा दुर्बिणींची. दोन दुर्बिणींतला प्रकाश एकत्र आणला की उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात. प्रकाश ठिपक्यातून येत असेल तर पट्टे ठसठशीत, पसरट जागेतून येत असेल तर फिके. दूरदूरच्या दुर्बिणींनी अभिजिताचा व्यास ठरवला. ३४ मीटरवरच्या जोडीने अवरक्त प्रकाशात मोजलं, तर पट्टे त्या व्यासाच्या हिशेबाहून किंचित फिके निघाले. २००६ साली निष्कर्ष छापून आला: ताऱ्याच्या १.२९ टक्के इतका उजेड भोवती पसरलेल्या कशाचा तरी आहे.

वर्गातल्या एका मुलीने फळ्यावर खडूचे पट्टे ओढले, त्यांवरून डस्टर हलकेच फिरवलं आणि म्हणाली, “बाई, दिसलं ते एवढंच.”

मग ‘धूळ दिसली’ कशी म्हणायची? प्रत्यक्ष झाले ते फिके पट्टे. धूळ अनुमानाने आली. यात तिला कमीपणा नाही, हेत्वाभास, म्हणजे फसवे हेतू, तपासले असले म्हणजे झालं. शेजारी एखादा मंद जोडतारा लपलेला असता तरी पट्टे फिके पडले असतेच. ती शक्यता संशोधकांनी इतर वेधांशी ताडून पाहिली. ती फारशी टिकली नाही, तेव्हाच तप्त धुळीचं नाव घेतलं.

खरी पंचाईत पुढेच आहे. ताऱ्याच्या इतक्या जवळची बारीक धूळ प्रकाशाच्या दाबानेच भराभर बाहेर फेकली जायला हवी. तरी ती आहे. इथे मीमांसक अर्थापत्ती पुढे करणार: देवदत्त दिवसा जेवत नाही तरी लठ्ठ, म्हणजे रात्री जेवतो, तशी ही धूळही कुठून तरी येत राहते. मी नैयायिकांच्या बाजूची, मला अर्थापत्ती हे वेगळं प्रमाण वाटत नाही. शिवाय घाई कशाला? धूमकेतू धूळ आणून टाकतात, असा एक पक्ष आहे. ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र तिला अडकवून ठेवतं, असा दुसरा. हा दुसरा खरा निघाला तर देवदत्त रात्रीही फारसा जेवत नाही, आणि मीमांसकाला नवा दृष्टान्त शोधावा लागेल.