गोल दालनात थोडा वेळ

जरा टेकून बसा.

पाठ सैल सोडा. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या.

आता एक उडती तबकडी डोळ्यांसमोर आणा. १९५६ सालच्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या चित्रपटातली. करडी, गुळगुळीत. नाव म्हणून नुसता क्रमांक आहे: सी-५७डी.

ती अंधारातून सरकते आहे. नजर तिच्या काठावरून फिरते. कुठे कोपरा नाही, म्हणून कुठे अडत नाही.

फिरू द्या नजरेला.

त्या काळच्या चित्रपटांत तबकडीतून बहुधा परके उतरतात आणि माणसं पळत सुटतात. ही तबकडी माणसांचीच आहे. मला ते फार मोलाचं वाटतं. दार आपल्यासाठीही उघडं आहे.

जिना खाली आला आहे. चढा. घाई नको.

आत गोल दालन. मधोमध एक मोठा पारदर्शक गोल. आणि त्या गोलाच्या आत, अधांतरी, एक चिमुकली तबकडी.

हीच. जिच्यात तुम्ही उभे आहात, तीच.

इथे थांबा.

जहाज कुठे आहे, कुठे निघालं आहे, हे कळावं म्हणून हा गोल. खलाशी त्याच्याभोवती वावरतात. तुम्ही नुसतं बघा.

त्या चिमुकल्या तबकडीतही असं दालन असेल का? त्या दालनात असा गोल?

उत्तर शोधू नका. श्वास आत. श्वास बाहेर.

जहाज अल्टेअरकडे निघालं आहे. अल्टेअर म्हणजे आपला श्रवण तारा. खराखुरा, सुमारे १७ प्रकाशवर्षं दूर. तो स्वतःभोवती इतक्या वेगानं फिरतो, की मध्यावर फुगून चपटा झाला आहे.

आता डोळे मिटा. ऐका.

या चित्रपटाच्या संगीतात वाद्यवृंद नाही. संगीतकार बॅरन पती-पत्नींनी स्वतः विजेची सर्किटं जुळवली आणि त्यांतून निघेल तो ध्वनी टेपवर घेतला. ताण असह्य झाला की सर्किट जळून जाई. तोच सूर त्यातून पुन्हा निघत नसे.

एखादा सूर चढतो आहे. थरथरतो आहे. त्याच्या मागे जाऊ नका. तो विरेपर्यंत त्याच्यासोबत राहा.

डोळे उघडा.

वेग उतरवायची वेळ झाली आहे. खलाशी आपापल्या ठरलेल्या जागी जाऊन उभे राहतात. प्रकाश त्यांना वेढतो. हालचाल थांबते.

तुम्हीही उभे राहा, मनानंच. पावलांखालची जमीन जाणवू द्या.

किती मोठं आहे हे जहाज? पडद्यावर ते १७० फूट रुंद भासावं असा बेत होता. कल्व्हर सिटीतल्या एमजीएमच्या स्टुडिओत त्याचा जेमतेम तीन-चतुर्थांश भाग उभा केला. भोवती परग्रहाचं वाळवंट आणि आभाळ, पडद्यावर रंगवलेलं.

उरलेला पाव भाग कुणी बांधलाच नाही. तो तुमच्या नजरेनं पुरा केला.

त्या पाव भागाकडे बघा. थोडा वेळ तिथेच राहा.

आता दुसरं माप. जहाजाचा कॅप्टन ॲडम्स सांगतो, हाताखाली अठरा जण आहेत, सरासरी वय २४.६, आणि ३७८ दिवस सगळे या जहाजात कोंडलेले आहेत.

३७८ दिवस. हेच दालन, हेच चेहरे. ज्या कठड्यावर आज हात टेकला, त्यावरच उद्याही.

फुटांचं माप बाजूला ठेवा. हे माप हातात घ्या. एका दिवसापासून सुरुवात करा: सकाळ, दुपार, रात्र, आणि बाहेर मात्र सतत काळोख.

जड वाटलं तर वाटू द्या. चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोरांनी ते पेललं आहे.

मग परग्रहावरची एक रात्र येते. जिन्यावर कुणी दिसत नाही. तरी पहिली पायरी दबते.

वजन पडल्यासारखी खाली वाकते. मग वरची. मग तिच्यावरची.

भयाच्या मागे धावू नका. एका पायरीशीच थांबा. धातूची जाड कड किंचित लवते, क्षणभर तशीच राहते. आत निजलेल्यांना वर्षभर पुरून उरलेलं जहाज या क्षणी किती लहान आहे, ते बघा.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता सावकाश उठा. घराबाहेर किंवा गच्चीवर जा आणि चालायला लागा. मोठ्या माणसाची साधारण सत्तर पावलं म्हणजे १७० फूट. जागा पुरली नाही तर वळून परत या आणि मोजणी पुढे चालू ठेवा. पस्तिसाव्या पावलाशी थांबा. दालनाच्या मधोमधचा तो गोल इथे आहे.