तठे देव कोनता शे?

डिसेंबर लागला की धुळे-जळगावच्या घरांतून सहलीचे बेत सुरू होतात. कापूस बराचसा वेचून झालेला असतो, मुलांची नाताळची सुट्टी तोंडावर आलेली असते. मे महिन्यात जिथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तिथे आता पहाटे अंगणात शेकोटी पेटते. कोणीतरी विषय काढतं, यंदा कोकण करू. अलिबाग, मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर, मग खाडी ओलांडून केळशी, आंजर्ले, गुहागर आणि शेवटी गणपतीपुळे. दोघा भावांची कुटुंबं, भाड्याची मोठी गाडी, सहा दिवस. मोबाइलवर नकाशा उघडला जातो, मुक्कामाच्या गावांवरून वाद रंगतो. अहिराणी बोलणाऱ्या घरातली म्हातारी एवढा वेळ ऐकत बसलेली असते. मग ती एकच विचारते, "तठे देव कोनता शे?" तिथे देव कोणता आहे?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तिच्या पिढीपर्यंत खानदेशातला माणूस हौसेने गाव सोडून निघाला तो देवासाठीच. चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जाणारे जथे, कोथळी-मुक्ताईनगरहून निघून महिनाभर चालत पंढरपूर गाठणारी मुक्ताईची पालखी, मार्गशीर्षात सारंगखेड्याची दत्तयात्रा आणि तिथला घोडेबाजार, महाशिवरात्रीला चांगदेवच्या संगमावर तापी-पूर्णेचं स्नान. एरवी प्रवास म्हणजे लग्न, मयत, दवाखाना, कोर्टाची तारीख. नुसतं बघायला म्हणून पाचशे किलोमीटर जायचं, तेही पैसे खर्चून, ही कल्पना या घरांत अगदी अलीकडची आहे. म्हातारी खरं तर एवढंच विचारते आहे की निघायचं कारण काय. समुद्र सुंदर आहे, हे कारण पुरेसं आहे का?

बहुतेक घरांत या प्रश्नाला झटपट उत्तर मिळतं. "माय, गणपतीपुळे शे ना!" हरिहरेश्वर आहे, गुहागरला व्याडेश्वर आहे, आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती आहे. म्हातारीचं समाधान होतं आणि सहलीला देवदर्शन हे नाव मिळतं. पण यात एक गोष्ट निसटते. ज्या परंपरेच्या नावाने हे समाधान केलं जातं, ती परंपरा या बाबतीत फार काटेकोर होती.

भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेवर विस्ताराने लिहिलं आहे. जुन्या स्मृतिकारांनी पुण्याचा हिशेब किती बारकाईने मांडला होता, ते तिथे वाचायला मिळतं. शंखस्मृतीचं म्हणणं असं की दुसऱ्याच कामाने निघालेला माणूस वाटेत तीर्थावर पोहोचला आणि त्याने स्नान केलं, तर त्याला स्नानाचं फळ मिळतं, यात्रेचं मिळत नाही. पैठीनसी हा स्मृतिकार थोडा उदार आहे. त्याच्या मते दुसऱ्या निमित्ताने जाणाऱ्याला अर्धं फळ. मत्स्यपुराणाने तर ऐश्वर्याच्या तोऱ्यात वाहनात बसून प्रयागला जाणाऱ्याची यात्राच निष्फळ ठरवली. मुळात यज्ञ करण्याची ऐपत नसलेल्यांसाठी तीर्थयात्रा आहे, हे महाभारताच्या वनपर्वात सांगितलेलं आहे. तेव्हा श्रीमंती थाटाच्या यात्रेवर पुराणकारांनी रागावावं हे ओघानेच आलं.

या हिशेबाने गणपतीपुळ्याचा थांबा सहलीला यात्रा करू शकत नाही. समुद्रासाठी निघालेल्यांनी देवळाची आड घ्यावी, यापेक्षा समुद्रासाठी निघालो असं म्हातारीला सरळ सांगावं आणि मग तिच्या प्रश्नाला खरं उत्तर शोधावं. ते शोधायला खानदेशाबाहेर जावं लागत नाही.

२१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर एक, अशी अठरा प्रवचनं दिली. साने गुरुजींनी ती उतरून घेतली. बोलणारा पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, लिहून घेणारा दापोली तालुक्यातल्या पालगडचा. दोघांचा जन्म कोकणातला, भेट पांझरेकाठच्या गजांआड. तुरुंगातल्या माणसांना कुठेही जाता येत नव्हतं, तरी देव कुठे बघायचा हा प्रश्न त्यांच्यापुढे होताच. दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती सांगतात आणि त्यांत जलाशयांमधला सागर मी, असंही येतं. विनोबा हा अध्याय शाळेतल्या मुलाच्या अंगाने समजावतात. लहान मुलाला आधी मोठाली, सुटी अक्षरं शिकवतात, बारीक अक्षरं आणि जोडाक्षरं नंतर. देवही तसाच वाचायला शिकायचा. आई, सूर्य, नदी ही ठळक अक्षरं. ती ओळखू आली की मग माणसांच्या गर्दीतला, गुंतागुंतीचा, सहज न लागणारा देव.

म्हातारीला द्यायचं उत्तर इथे आहे. तठे समुद्र शे, आणि समुद्र हे फार मोठं अक्षर आहे. तिला ते परकंही वाटायचं कारण नाही. जुनं वळण असं की पिंपळ आणि समुद्र दोन्ही पूज्य, पण दोघांना मन मानेल तेव्हा शिवायचं नाही. पिंपळाला शनिवारी, समुद्राला पर्वकाळी. शनिवारी पिंपळाला पाणी घालणाऱ्या बाईला समुद्रापुढे कसं उभं राहायचं ते कोणी शिकवावं लागत नाही. शिवाय चांगदेवला ती ज्या तापीत बुडी मारते, ती मुलताईपासून ७२४ किलोमीटर वाहून सुरतजवळ याच अरबी समुद्राला मिळते.

पण मोठं अक्षरसुद्धा बघावं लागतं. चौथ्या अध्यायावर बोलताना विनोबा विचारतात ते असं, की पिंडीवर पाण्याची धार धरली आणि तिच्यासोबत मनाची धार वाहिलीच नाही, तर त्या अभिषेकाला काय अर्थ? सहा दिवसांत आठ ठिकाणं उरकणाऱ्या बेताची गत तीच होते. किनारा मागे पळत राहतो, गाडीतले डोळे पडद्यावर खिळलेले असतात.

याला उपाय कोकणच्या किनाऱ्यानेच ठेवला आहे. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा माणसाच्या सवडीने होत नाही. देवळामागून डोंगरात खोदलेल्या पायऱ्या उतरून वाट खाली खडकावर येते, आणि भरतीच्या वेळी ती वाट नसतेच. तिथे पाणी असतं. ओहोटी लागेपर्यंत थांबावं लागतं. पाणी मागे सरलं की दिसतो तो लाटांनी कोरून काढलेला कातळ, मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी पडलेला, खळग्याखळग्यांत साचलेल्या पाण्यात चिमुकले खेकडे. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला उघडा समुद्र. तिथे चालणारा माणूस आपोआप गप्प होतो, आणि त्याला परतायची वेळही समुद्रच सांगतो.

म्हणून या प्रवासाचा बेत आखताना नकाशाइतकंच पंचांग जवळ असावं. किनाऱ्यावरची माणसं एक सोपा हिशेब सांगतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीन, म्हणजे ओहोटी त्याआधी सहा तास, सकाळी नऊच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावास्येला मात्र भरती भर दुपारी, म्हणजे गाडी पोहोचते नेमकी तेव्हा. अंदाज अंदाजच असतो. खडकावर उतरण्याआधी देवळापाशी विचारावं, आणि नदीत पोहणाऱ्याने समुद्रात पोहता येतं असं धरून चालू नये. घरात पंचांग पाहणारी म्हातारीच असते. ज्या बेतात ती फक्त सामानासारखी घ्यायची होती, त्यात ती वाटाड्या होते.

आता राहिली जोडाक्षरं. पैठीनसीच्या हिशेबात आणखी एक आकडा आहे. दुसऱ्यासाठी म्हणून जो तीर्थाला जातो, त्याला फळाचा सोळावा हिस्सा. हा आकडा वाचला की भाड्याच्या गाडीचा चालक आठवतो. कसारा घाट उतरवणारा, पनवेलच्या गर्दीतून गाडी काढणारा, आगरदांड्याला आणि बागमांडल्याला फेरीबोटीवर गाडी उलटी चढवणारा. देऊळ आलं की सगळे उतरतात आणि तो चपलांपाशी, सामानापाशी राहतो. किनाऱ्याची चार गावं त्याने वीस वेळा पाहिली असतील आणि ती प्रदक्षिणा एकदाही केली नसेल. त्याच्याबरोबर घरची सूनही येते. निघायच्या दिवशी पहाटे चारला उठून दुधात भिजवलेल्या दशम्या, लसणाची चटणी, मिरचीचा ठेचा डब्यात भरणारी, आणि लाटेत उभ्या असलेल्या पोरांच्या चड्ड्या हातात धरून वाळूवर थांबणारी. तिचा हिस्सा स्मृतिकारांनी वेगळा सांगितला नसला, तरी तीही दुसऱ्यांसाठीच निघालेली असते.

सोळावा हिस्सा ही देवाने घातलेली अट आहे असं मानायचं कारण नाही. ते सोबतच्यांनी केलेलं वाटप आहे, आणि ते बदलणं बेत आखणाऱ्यांच्या हातात असतं. रोजचा पल्ला थोडा कमी केला की चालकाला दुपारी दोन तास मिळतात. मुक्काम घरगुती ठिकाणी ठेवला, जेवण आगाऊ सांगितलं, की सुनेला निदान सहा दिवस पानावर आयतं बसता येतं. तिथे घावणं आणि सोलकढी वाढणारी बाईही पहाटेपासून चुलीपाशी असते, हेही त्या पानावर बसणाऱ्या सगळ्यांना दिसलं तर बरं. पोरं त्यांच्या बापांनी सांभाळावीत. देव मोठ्या अक्षरात वाचायला निघालेल्यांनी गाडीतल्या गाडीत एवढं वाचायला हवं. नाही तर समुद्रापुढे हात जोडून उभं राहण्यात काही राम नाही.

जेवणाच्या टेबलावरचा बेताचा कागद मग वेगळा दिसू लागतो. आठ गावांची पाच होतात. तिसऱ्या दिवसापुढे म्हातारीने सांगितलेलं नातू लिहून घेतो: संकष्टी, ओहोटी सकाळी नऊ, उपासाची बटाट्याची भाजी सोबत, सगळे उतरणार, गाडीला कुलूप.