हाक मारण्याचा अधिकार

सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयात 1990 मध्ये एक नवी पद्धत सुरू झाली. वॉर्डातल्या रुग्णाची नाडी, श्वास किंवा रक्तदाब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, की नर्सनेही वरिष्ठांची वाट न पाहता खास पथक बोलवायचे. हृदय बंद पडण्याच्या कित्येक तास आधी शरीर बहुधा इशारे देते आणि ते तक्त्यावर नोंदलेही जातात. म्हणजे उणीव ज्ञानाची नव्हतीच. जो पाहत होता त्याला अधिकार नव्हता आणि ज्याला अधिकार होता तो खाटेपाशी नव्हता. या पथकाचे नैतिक मोल मला त्याच्या कौशल्यापेक्षा ही दरी बुजवण्यात दिसते.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप पुराव्याचाच आहे. ऑस्ट्रेलियातील 23 रुग्णालयांत झालेल्या आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मेरिट’ चाचणीत, पथकांमुळे हृदय थांबण्याचे व अनपेक्षित मृत्यूंचे प्रमाण लक्षणीय घटल्याचे दिसले नाही. फळ दिसत नसेल तर कर्म कशासाठी? पण त्याच चाचणीत लक्षणे असूनही पुष्कळदा पथकाला बोलावलेच गेले नव्हते. कागदावर मिळालेला अधिकार मनात उतरायला वेळ लागतो. वरिष्ठांच्या रोषाची भीती परिपत्रकाने जात नाही. काही हाका अनावश्यक ठरतात, मनुष्यबळ खर्ची पडते, हेही खरे. तरीही चुकीच्या हाकेबद्दल बोल लावला, तर पुढची खरी हाक गिळली जाईल. शिवाय कधी पथक उपचार वाढवत नाही. मरणासन्न रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलून छातीवर दाब न देण्याचे ठरवते. तेही धावून येणेच आहे.