ऋण कोणाचे आणि फेड कोणाकडे?

आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पुण्यास येताना दिघीवरून येते. त्या दिघीच्या टेकडीजवळ सैनिकांच्या मुलांसाठी १९९४ साली सुरू झालेले एक अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. एका वारीत तेथून जाताना आमच्या दिंडीतील एका वृद्ध माळकऱ्याने विचारले, "हे कुणाचं कॉलेज म्हणायचं?" आम्ही सांगितले, सैन्याच्या कल्याणसंस्थेने काढलेले, नोकरीतल्या आणि निवृत्त जवानांच्या मुलांचे. पुढे सहज असेही बोलून गेलो की, कित्येक निवृत्त फौजी पेन्शनीतून पदरमोड करून नोकरीवरच्या जवानाच्या मुलाबाळांच्या शिक्षणाला हातभार लावतात. म्हातारबोवा थबकलेच. म्हणाले, "अहो, शिपायाला सरकार पगार देतंय की! मग त्याच्या पोराची फी दुसऱ्या शिपायानं का भरायची? आणि त्यानं तरी ती घ्यावी का?"

चालता चालता आम्ही काहीतरी उत्तर दिले. परंतु ते आमचे आम्हांसच पटले नाही. प्रश्न दिसतो तितका साधा नव्हे. हे दान म्हणावे तर घेणारा मिंधा होतो, आणि धडधाकट कमावत्या माणसाने दान घेऊ नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले. कर्तव्य म्हणावे तर ते कर्तव्य सरकारचे. ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे बर्फात नि वाळवंटात घालवली त्यानेच पुन्हा खिशात हात का घालावा?

याचा विचार करताना अमेरिकेतील एक हकीकत आम्हांस फार उपयोगी वाटते. पहिले महायुद्ध संपले तेव्हा त्या श्रीमंत देशाने आपल्या सैनिकांस ६० डॉलर आणि घरी जाण्याचे आगगाडीचे तिकीट देऊन निरोप दिला. पुढे मंदीत ते उपाशी पडले. १९३२ साली कबूल झालेला बोनस लवकर मिळावा म्हणून हजारो माजी सैनिक वॉशिंग्टनला जमले, तर त्यांच्यावर सैन्यच घालून त्यांना हुसकून लावले. काल ज्या वर्दीचा मान, तिनेच आज अश्रुधूर सोडावा! त्याच पहिल्या युद्धात काम केलेला हॅरी कोलमेरी नावाचा कॅन्सस प्रांतातला एक वकील होता. माजी सैनिकांच्या संघटनेचे अध्यक्षपदही त्याने भूषवले होते. दुसरे युद्ध चालू असतानाच त्याने वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात बसून, हॉटेलच्याच कागदावर, नव्या सैनिकांसाठी कायद्याचा मसुदा हाताने लिहून काढला. २२ जून १९४४ रोजी त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. त्या कायद्याने पुढे ७८ लाख माणसे काही ना काही शिकली. त्यांतली २२ लाख महाविद्यालयांत गेली.

पैसा सरकारी तिजोरीतला होता, हे खरे. पण तिजोरीचे कुलूप उघडायला लावले ते आधीच्या युद्धातल्या माणसांनी, आणि तेही स्वतःसाठी नव्हे. त्यांचे वय आता कॉलेजात जाण्याचे राहिले नव्हते. आमच्यावर जे आले ते मागून येणाऱ्यावर येऊ नये, एवढाच हिशेब.

आम्हांस वाटते, बोवांच्या प्रश्नाचे उत्तर या हिशेबात आहे. काही ऋणे अशी असतात की ज्याचे ती घेतली त्याला ती फेडताच येत नाहीत. खंदकात शेजारी असलेला सोबती गेला. ज्या उस्तादाने बंदूक धरायला शिकवली तोही गेला. मग ती फेड जाणार कोठे? ती मागून येणाऱ्याकडेच जाणार. बापाचे ऋण आपण बापाला थोडेच परत करतो? ते मुलाच्या पदरात पडते. म्हणून निवृत्त सुभेदाराने तरुण शिपायाच्या मुलीची फी भरली, तर ती मुलगी त्याची मिंधी होत नाही. उलट त्याचाच बोजा तिने थोडा हलका केलेला असतो.

शिवाय देणारा जाणता असतो. बापाची बदली झाली की पोरांची शाळा मोडते, आई एकटीने घर ओढते, पैसा नेमका प्रवेशाच्या दिवशीच पोचत नाही, हे त्याला सांगावे लागत नाही. परक्यापुढे जी गरज उघडी करताना जीव जातो, ती इथे न बोलता कळते. अमेरिकेत १९४२ साली सैन्याने अशीच एक साहाय्य-संस्था काढली. नोकरीतले नि निवृत्त सैनिक तीत वर्गणी घालतात. अडलेल्या जवानाला बिनव्याजी कर्ज मिळते, बायकामुलांना शिक्षणासाठी मदत मिळते. नौसैनिकांच्या मरीन शाखेतल्या लोकांनी मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी १९६२ साली निराळा निधी उभारला. सरकारी सवलतीचा मार्ग वेगळा: २००९ पासून तेथील सैनिकाला आपला शिक्षणाचा हक्क बायकोच्या वा मुलाच्या नावे करता येतो, पण सहा वर्षे नोकरी झालेली हवी आणि आणखी चार वर्षांची कबुली हवी. त्याला आम्ही नावे ठेवत नाही. सरकार करार पाहते. जुना सोबती गरज पाहतो.

आता हे सगळे गोडच आहे असे मात्र नाही. १९४४ चा कायदा सर्वांसाठी होता, तरी दक्षिणेकडच्या प्रांतांत तो राबवणारे अधिकारी गोरे. तेव्हा काळ्या सैनिकांच्या वाट्याला त्यातले फारच थोडे आले. आपल्याकडे तरी काय झाले? कंपनीच्या सैन्यात शिपायांच्या मुलामुलींना शाळा सक्तीची होती, म्हणून महार पलटणीच्या घराघरांत अक्षर पोचले. आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांची भरतीच बंद केली गेली. सुभेदार रामजी सकपाळ हे त्याच पलटणीतले, लष्करी शाळेतले शिक्षक. निवृत्तीनंतर मुंबईत मुलाला पुस्तक हवे झाले आणि जवळ पैसा नसला, की ते लेकीकडे जाऊन तिचा दागिना मागून आणत, गहाण टाकत आणि पेन्शन हाती आली की सोडवून देत. त्या मुलाला, भीमरावाला, महाविद्यालयासाठी आणि पुढे १९१३ साली अमेरिकेस जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली बडोद्याच्या महाराजांनी. पण महाराजांपर्यंत पोचायच्या आधीची वाट त्या फौजी पेन्शनीने काढली होती. 

आणि इथेच आमचे मन अडते. फौजी फौजीला सांभाळतो हे ऐकून आपल्याला फार बरे वाटते. नको इतके बरे वाटते. "त्यांचे ते पाहून घेतात" म्हणून आपण मोकळे. ज्याने एकदा दिले तोच पुन्हा देतो, आणि ज्याने काहीच दिले नाही तो टाळ्या वाजवतो, हा कुठला न्याय? १९४९ पासून दर ७ डिसेंबरला ध्वजदिन होतो. डबा समोर आला म्हणजे नाणे टाकून छातीला कागदी झेंडा टोचून घेण्यापलीकडे आपल्यापैकी कितीजण गेले? आम्हीही गेलो नव्हतो.

पुढच्या मुक्कामी आम्ही हे सारे बोवांपुढे मांडले. ते तंबाखू मळत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे शिपायाचं शिपायानं फेडलं. आपलं आपण कुठं फेडायचं?" आम्ही म्हटले, जिल्ह्याच्या गावी सैनिक कल्याण कार्यालय असते, तेथे ध्वजनिधीचे पैसे भरता येतात. "मग ते डिसेंबरापातुर कशाला थांबायचं?" म्हणत बोवांनी कमरेची पिशवी चाचपली. वारीहून परतताना आम्ही दोघे मिळून त्या कार्यालयात गेलो. पावती बोवांच्या नावाने फाडली, आमची पाळी आली तेव्हा ते दारातूनच म्हणाले, "सावकाश लिहू द्या, मी थांबतो."