तोच माल, त्याचा माल

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी कशी ठेवावी याची तांत्रिक मार्गदर्शक तत्त्वे काढली. तेव्हापासून या यादीसाठी ‘एसबॉम’ हा शब्द कंत्राटांत आणि बैठकांत सर्रास ऐकू येतो. घटकाचे नाव, आवृत्ती, पुरवठादार, हॅश (फाइलच्या आशयातून गणिताने काढलेला ठसा) असे या यादीचे रकाने. पाऊल योग्यच आहे. पण ही यादी बहुधा यंत्र भरते, आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या ओळीत पुरवठादाराच्या रकान्यात वारंवार ‘नोअसर्शन’ छापून येते. याबाबत आमचे काहीच म्हणणे नाही, एवढाच त्याचा आशय. हॅशचा रकाना मात्र भरलेला असतो, आणि तेवढ्यावर यादी पुरी झाली असे सगळे धरून चालतात. या समाधानाशी माझे भांडण आहे.

त्यामागचा विचार हुशार माणसांचा आहे, म्हणून तो नीट मांडला पाहिजे. नाव माणूस ठेवतो, त्यामुळे त्यात माणसांचे सगळे तंटे येतात. मार्च २०१६ मध्ये ‘किक’ या नावावरून एक कंपनी आणि एक प्रोग्रामर यांच्यात वाद झाला. एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज-भांडाराने नाव कंपनीला दिले, प्रोग्रामरने रागाने आपली सगळी पॅकेजे काढून घेतली, आणि त्यांतल्या अकरा ओळींच्या ‘लेफ्ट-पॅड’वाचून जगभरची कामे अडली. लोकप्रिय पॅकेजाच्या नावात एखादे अक्षर बदलून फसवा माल पायपीआय या पायथॉनच्या भांडारावर चढवणे तर नेहमीचेच झाले आहे. हॅशला यातले काही शिवत नाही. तो आशयातूनच निघतो. फाइलमधले एक अक्षर इकडचे तिकडे झाले की पूर्ण बदलतो. मग ओळख हॅशवर सोपवावी आणि नाव माणसांच्या सोयीपुरते चिकटवून ठेवावे, असा हा पक्ष आहे.

यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि तो किती चुकीचा आहे हे २९ मार्च २०२४ रोजी दिसले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने संगणकात शिरताना अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला. तो त्याच्या मागे लागला, आणि ‘एक्सझेड’ या संक्षेपणाच्या साधनात, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत, चोरदरवाजा सापडला. तो उघडणारा तुकडा गिट भांडारात नव्हताच. प्रकाशनासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात तेवढा घातलेला होता. त्या गठ्ठ्याचा हॅश सगळीकडे जुळत होता. सहीसुद्धा खरी होती, कारण ती करणारी ‘जिया तान’ नावाची व्यक्ती दोनेक वर्षे काम करून प्रकल्पाची रीतसर सहदेखभालकर्ती झाली होती. लोकांना मिळाला तो अगदी तोच माल होता, वाटेत कुणी त्याला हात लावलेला नव्हता.

नागपुरात इतवारीच्या ठोक बाजारात वाढलेल्या माणसाला हे समजवायला फार वेळ लागत नाही. धान्याची मोठी उलाढाल कळमन्याला गेली असली, तरी पोत्यावरचा मार्का काय असतो हे इथे अजून ठाऊक आहे. शिलाई शाबूत आहे आणि वजन बरोबर आहे, यावरून पोते वाटेत फुटले नाही एवढेच कळते. मार्का त्यापुढचे सांगतो: आत खडे निघाले तर कुणाच्या पेढीवर जाऊन भांडायचे. बारदाना पुन्हा वापरला जातो, जुन्या पोत्यावर दुसऱ्याच मिलचा छाप राहून जातो, हेही बाजाराला माहीत असते. म्हणून नुसत्या छापावर कुणी विसंबत नाही, अडत्याला विचारतो. तोच माल असणे आणि त्याचा माल असणे या दोन वेगळ्या खात्र्या आहेत. हॅश पहिली देतो. दुसरी देण्याची ताकद त्याच्यात नाही, आणि गणित कितीही सुधारले तरी ती येणार नाही.

यावर हॅशवाले म्हणतील, बिघडलेल्या हॅशांची यादी प्रसिद्ध करा, प्रश्न मिटला. पण ती यादी कोण काढणार, आणि तिच्यावर विश्वास का ठेवायचा? कारण ती अमुक एका संस्थेच्या नावाने आली आहे. म्हणजे फिरून नावापाशीच आलो. हॅशला आधी काय होते आणि नंतर काय आले ठाऊक नसते, त्यामुळे त्याला आपले म्हणणे मागे घेता येत नाही. एक्सझेडचे प्रकरण फुटल्यावर डेबियन या लिनक्स वितरणाने काय केले ते पाहा. पॅकेज व्यवस्थापक नेहमी वरच्या क्रमांकाकडे जातो, ५.६.१ बसलेल्या संगणकाला ५.४.५ दिले तर तो ते सहसा आपणहून घेत नाही. म्हणून नव्या पॅकेजाचा क्रमांक ठेवला ‘५.६.१+रिअली५.४.५-१’. क्रमाने ५.६.१ च्या पुढचे, आत खरोखर ५.४.५. शेवटच्या आडव्या रेषेनंतरचा एक हा मूळ लेखकाचा नाही, डेबियनच्या देखभालकर्त्याचा आहे. आम्ही दिलेला माल वाईट होता, आता हा घ्या, अशी कबुली त्या एका ओळीत आहे. निक्ससारख्या पॅकेज-व्यवस्थेतही फाइलच्या पत्त्यात हॅश आधी येतो हे खरे, पण त्याच्यामागे नाव लिहावेच लागते, आणि सहसा आवृत्तीही.

‘जिया तान’ हेही नावच होते ना, असा आक्षेप उरतो, आणि तो गंभीर आहे. त्या नावामागे मात्र जाऊन विचारावे अशी पेढी नव्हती. बिंग फुटल्यावर ते नाव गप्प झाले. मूळ लेखक लासे कॉलिन, ज्यांच्या एकट्याच्या खांद्यावर हा प्रकल्प वर्षानुवर्षे होता, ते मात्र परतले, त्यांनी कोड तपासला आणि मे २०२४ मध्ये स्वच्छ ५.६.२ काढले. मला अभिप्रेत असलेले नाव हे आहे: चूक झाल्यावरही जागेवर सापडणारे.

  

नाव का लागते याचे एक उदाहरण मराठीतलेच आहे, लोहित फॉन्टांचे. रेड हॅटने आणलेल्या या फॉन्टांतून कितीतरी लोकांनी लिनक्सवर पहिल्यांदा नीट मराठी वाचली. देवनागरीचा एकच फॉन्ट ठेवून मजकुराच्या भाषाखुणेनुसार मराठी अक्षररूपे दाखवणे हे अभियांत्रिकीच्या दृष्टीने काटकसरीचे आहे. तरी फेडोरा या लिनक्स वितरणात ‘लोहित-मराठी-फॉन्ट्स’ हे वेगळे पॅकेज राहिले, आणि डेबियनमध्ये ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’शेजारी मराठीचे स्वतंत्र पॅकेज आले. मला ते योग्य वाटते. नोव्हेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरण्याचा निर्णय काढला. भाषाखूण नसलेल्या मजकुरात दंडाचा ‘ल’ उमटला, तर मराठीच्या नावाचे पॅकेज असल्यामुळे त्या तक्रारीला निदान पत्ता मिळतो. एरवी ती देवनागरीच्या मोठ्या ढिगात कुणाचीच नसते.

डेबियनच्या प्रत्येक पॅकेजात देखभालकर्त्याचा रकाना सक्तीचा आहे. ज्याने काम सोडले आणि दुसरा कुणी पुढे आला नाही, त्याच्या पॅकेजावर डेबियन क्यूए ग्रुपचे नाव लागते, आणि ते पोरके असल्याचे जाहीर नोंदले जाते. माझी मागणी तेवढीच आहे. पुरवठादाराच्या रकान्यात ‘नोअसर्शन’ चालवून घेऊ नये. विचारायला कुणी असेल तर त्याचे नाव लिहावे, नसेल तर पोरके असे स्पष्ट लिहावे. आणि नागपूरच्या मिहानमधल्या ज्या कंपन्यांची उत्पादने अशा पॅकेजांवर उभी आहेत, त्यांनी त्यांतल्या निदान एकाची देखभाल आपल्या माणसाच्या पगाराच्या वेळेत, आपल्या नावावर घ्यावी.