श्रेष्ठतेचे क्रमांक
अमेरिकेंतील ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकानें २००४ सालीं पांचशें सर्वश्रेष्ठ गीतांची यादी प्रसिद्ध केली. तींत बॉब डिलनचें ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ पहिलें होतें. २०२१ सालच्या यादींत तें चौथें झालें, आणि पूर्वी पांचवें असलेलें अरेथा फ्रँकलिनचें ‘रिस्पेक्ट’ पहिलें आलें. मधल्या सतरा वर्षांत त्या ध्वनिमुद्रिकांतील एकही सूर बदलला नव्हता. बदलले ते परीक्षक. यावरून सगळ्यांचीच आवड सारख्या मोलाची, असें आम्ही म्हणत नाहीं. टीकाकारानें गीताचें मर्म उलगडून दाखविल्यास आम्ही त्याचे ऋणीच होऊं. परंतु मर्म पटवितां येतें. क्रमांक नुसता मानावा लागतो. ज्या गीतानें आमचें दुःख हलकें केलें, तें यादींत नाहीं म्हणून त्याची लाज वाटूं लागणें, हा आपल्याच कानांशीं केलेला द्रोह होय.